शेवटच्या ओरलनंतरची पोपटी

परीक्षा संपल्यावर जुन्या मित्रांना भेटून पोपटी, म्हणजे मडक्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा, लावायची तारीख शेवटच्या पेपरवरून काढली की हमखास चुकते. ती शेवटच्या ओरलवरून काढायची. बारावीपर्यंत एका बाकावर बसलेली दहा-बारा जणं पुढे इंजिनिअरिंग, फार्मसी, बीएस्सी, सीए अशी पांगली की प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं होतं. कुणाची प्रॅक्टिकल पेपरच्या आधी, कुणाची नंतर. ज्याची केटी, म्हणजे मागचा नापास विषय, राहिली आहे त्याचे पेपर मधल्याच एखाद्या दिवशी. बाहेरचे परीक्षक आले नाहीत की ओरल चार दिवस पुढे. म्हणून ग्रुपवर "परीक्षा कधी संपते?" असं विचारू नये, त्याला "होईल पंधरापर्यंत" असलीच उत्तरं येतात. एकेकाला वेगळा मेसेज करावा: "तुझी शेवटची ओरल किंवा सबमिशन कोणत्या तारखेला? केटीचा पेपर आहे का, आणि कधी?" केटीचं चारचौघांत कुणी सांगत नाही, आणि नेमका तोच आदल्या रात्री "जमत नाहीये रे" म्हणत गळतो. खरं कारण कुणाला कळतही नाही.

सीएवाल्यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो. त्यांची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. जानेवारीचा अटेम्प्ट देणारा मित्र महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याआधी फोनही उचलत नाही. सगळ्या तारखा कागदावर मांडल्या की मोकळी जागा साधारण २० जानेवारी ते १० फेब्रुवारी एवढीच उरते. त्यातला २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार सोडून द्यायचा, कारण आम्ही जातो त्या अलिबागच्या रस्त्याला तेव्हा गाडी सरकत नाही.

नेमके हेच दिवस रायगड जिल्ह्यात पोपटीचे. भात कापून झालं की त्याच खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. तो दवावर वाढतो आणि जानेवारीत त्याच्या शेंगा भरतात. त्या शेंगा भांबुर्डा नावाच्या रानटी तणाच्या पाल्यासोबत मडक्यात कोंबून, मडकं उपडं घालून, भोवती जाळ करून वाफवायच्या, ही पोपटी. पाण्याचा थेंब नाही, तेलाचाही नाही. परीक्षा आणि शेंगा एकाच वेळी तयार होतात, हा योग आम्ही सोडत नाही.

हॉटेलात भेटायचे बेत आम्ही पुष्कळ केले आणि मुद्दाम बंद केले. हॉटेलात टेबल लांबट असतं, त्यामुळे शेजारच्या दोघांशीच बोलणं होतं. ऑर्डर दिल्यावर वीस मिनिटं करायला काहीच नसतं, मग मोबाइल निघतात. दोन-तीन वर्षांनी भेटणाऱ्या माणसाला समोरासमोर बसून "बोल, काय चाललंय" विचारलं की तो पॅकेज नाहीतर निकाल सांगतो आणि गप्प होतो. तोच माणूस शेंगा निवडायला मांडी घालून बसला की अर्ध्या तासात हॉस्टेलच्या मेसपासून घरच्या आजारपणापर्यंत सगळं बोलतो. हाताला काम असलं की तोंड मोकळं होतं. पोपटीत खरेदीपासून मडकं उघडेपर्यंत पाच तास प्रत्येकाच्या हाताला काम असतं. भेटीसाठी तीच निवडायचं कारण हेच.

आता माणसं जमवण्याविषयी. जुना साठ जणांचा ग्रुप असतो, त्यात बेत टाकू नये. वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली तो दुसऱ्या दिवशी गाडला जातो. येऊ शकतील अशा पंधरा जणांचा नवा ग्रुप काढायचा, तीन तारखा द्यायच्या, तीन दिवसांची मुदत द्यायची आणि आठ जणांची एक तारीख जुळली की ती पक्की करायची. सगळ्या पंधरांची वाट पाहिली तर बेत मेच्या परीक्षेपर्यंत लांबतो. "येतो रे" हे उत्तर मोजू नये. निम्मे पैसे आगाऊ पाठवले तो येणार असं धरावं. पैशांचं काम एकाच माणसाकडे द्यावं आणि शिकणाऱ्यांचा वाटा एक असेल तर नोकरीला लागलेल्यांचा दीड, हे त्याने आधीच, ग्रुपवर न लिहिता, ज्याच्या त्याच्याशी बोलून घ्यावं. वर्गणी परवडत नाही म्हणून न येणारा मित्र कारण वेगळंच सांगतो, त्यामुळे ही काळजी आधी घेतलेली बरी.

वार आम्ही रविवार धरतो: रविवारी दुपारी पोहोचायचं, सोमवारी सकाळी निघायचं. रविवारची रात्र घर भाड्याने घ्यायला शनिवारपेक्षा स्वस्त पडते आणि पर्यटक परतलेले असतात. शिवाय खाण्याच्या दृष्टीनेही रविवार सोपा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारा एक तरी असतोच. एकदा कॅलेंडरात संकष्टी पाहून घ्यावी. या तारखांना मार्गशीर्ष मात्र आडवा येत नाही, तोवर पौष लागलेला असतो. डिसेंबरात पोपटी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, कारण पुष्कळ घरांत तो महिनाभर चिकन शिजत नाही आणि मुलं बाहेरही खात नाहीत.

मुंबईहून येणाऱ्यांना गेटवेहून मांडव्याची लाँच किंवा कॅटामरान सोयीची, तासाभराचा प्रवास. मांडव्याहून अलिबाग साधारण २० किलोमीटर, काही बोटींच्या तिकिटातच पुढची बस धरलेली असते, ते तिकीट काढतानाच विचारावं. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. रस्त्याने येणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गावर वडखळला वळायचं. पुण्याहून खोपोली-पेणमार्गे साधारण १४० किलोमीटर, चार तास धरावेत. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, जवळचं स्टेशन पेण. परतीची शेवटची बोट संध्याकाळीच सुटते आणि पोपटी रात्री आठला उघडते, त्यामुळे "रात्रीच परत येऊ" म्हणणाऱ्याला आधीच समजावून मुक्कामाच्या यादीत घालावं.

घर घेताना पोहण्याचा तलाव आहे का हे विचारायच्या आधी जाळ करू देतात का हे विचारावं. पुष्कळ नव्या बंगल्यांत लॉन असतं आणि मालक लॉनवर काडीही पेटवू देत नाहीत. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा या पट्ट्यात वाडीतलं जुनं घर मिळालं तर उत्तम. तिथे मातीची मोकळी जागा असते, गोवऱ्या आणि नारळाची सोडणं तिथेच मिळतात आणि मडकं कसं भरायचं ते सांगणारं कुणीतरी घरात असतं. मालकीणबाईंना फोनवर एवढंच विचारावं: "मावशी, आम्ही बारा जण आहोत, वाडीत पोपटी लावली तर चालेल ना? भांबुर्डा मिळेल का जवळ?" दुसऱ्या प्रश्नावरून त्यांना कळतं की ही मुलं गोंधळ घालायला येत नाहीत.

बारा जणांना एक मोठं मडकं घेऊ नये. मधोमध आच पोहोचत नाही आणि कडेच्या शेंगा करपल्या तरी आतलं चिकन कच्चं राहतं. आम्ही दहा-बारा लिटरची दोन मडकी घेतो, एक चिकनचं आणि एक शाकाहारी. मडकं जाड बुडाचं, साधं, रंग न दिलेलं. बोटाने वाजवून घ्यायचं: टणक, मोकळा आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. पिण्याच्या पाण्याचं मडकं थेट आणून लावलं की ते जाळावर तडकतं, कारण त्याच्या अंगात पाणी मुरलेलं असतं. ते दोन दिवस उन्हात वाळवल्याशिवाय वापरू नये. वेळेला काही जण पत्र्याचा तेलाचा डबा लावतात. तो वीस-पंचवीस मिनिटांत होतो आणि फुटत नाही, पण कडा जळतात आणि मातीचा वास त्याला येत नाही. आम्हाला तो पटत नाही.

शेंगा गावठी वालाच्या हव्यात, आखूड आणि भरलेल्या. मुंबईच्या मंडईत मिळतात त्या रुंद, चपट्या पापड्या चालत नाहीत. त्यात दाणा नसतो, नुसती साल वाफवून हाती येते. शेंग हिरवी असावी, बोटांनी दाबल्यावर दाणा लागावा. पिवळी पडलेली शेंग आत पिठूळ होते. रविवारी सकाळी पोयनाडपासून पुढे रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसतात, तिथे ताज्या मिळतात. दुपारनंतर उरतात त्या उन्हाने मऊ पडलेल्या.

दोन मडक्यांना मिळून आम्ही घेतो ते असं: शेंगा ५ किलो, चिकन दीड किलो, अंडी १५, लिंबाएवढे बटाटे दीड किलो, रताळी १ किलो, लहान वांगी ८, छोटे कांदे १२, एखादं कोनफळ. अलिबागचा पांढरा कांदा फेब्रुवारीत निघायला लागतो. त्याआधी गेलात तर साधे बारीक कांदे घ्यावेत. ओवा १०० ग्रॅम, जाडं मीठ अर्धा किलो, केळीची पानं १०, भांबुर्डा धान्याचं पोतं भरेल एवढा. चिकन मुंबईहून आणू नये. बोट, बस, उन्हातली वाट, चार तास ते तसंच राहतं. अलिबागला उतरून घ्यावं आणि घरी पोहोचल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकावं.

भांबुर्ड्याला कुठे भामरूड म्हणतात, कुठे आणखी काही. भातकापणीनंतर मोकळ्या खाचरात, बांधाला हे तण आपोआप उगवतं. पानं मऊ, लव असलेली, करडट हिरवी. ओळखायची खूण वास: पान चुरगळलं की ओव्यासारखा, थोडा कापराकडे झुकणारा उग्र वास हाताला लागतो आणि तासभर जात नाही. वास आला नाही तर ते दुसरं झाड समजावं आणि सोडून द्यावं. तण आहे म्हणून कुठलाही पाला कोंबायचा नाही. मावशींना दाखवून घ्यावं. पाला आणायला चार जणांना धाडावं, अंधार पडायच्या आत, कारण पोतंभर पाला खुडायला पाऊण तास लागतो. मुळासकट उपटला तर माती मडक्यात येते, म्हणून शेंडे खुडायचे.

शिजवण्याचं सगळं पाणी या पाल्यातून आणि शेंगांतून येतं. पाला कमी पडला की वाफ धरत नाही आणि शेंगा वाफवण्याऐवजी भाजल्या जातात. पुण्या-नाशकाकडे हा पाला सहज मिळत नाही, तिथे केळीच्या पानांवर भागवतात. होतं, पण ती पोपटी म्हणवत नाही.

दुपारी तीनला चिकन लावून ठेवायचं. आलं-लसूण-हिरवी मिरची-कोथिंबीर वाटून, हळद, मीठ, चार लिंबांचा रस आणि मिळाला तर तिथल्याच घरचा आगरी मसाला. दही घालू नये, पुडीतून पाणी गळतं आणि खालच्या शेंगा आंबूस लागतात. तुकडे मध्यम ठेवून दोन-दोन खोल चिरा द्यायच्या. केळीचं पान विस्तवावरून सरकवून मऊ करायचं, नाहीतर घडीवर फाटतं. एका पुडीत चार तुकडे, एकावर एक न ठेवता चपटे मांडलेले, आणि पुडी केळीच्या सोपाने बांधायची. जाड, गोल पुडी बांधली की मधला तुकडा कच्चा राहतो. ही चूक जवळजवळ प्रत्येक नव्या गटाकडून होते.

शेंगा निवडायला जुनी चादर पसरून सगळ्यांनी गोल बसायचं. किडलेल्या, छिद्र पडलेल्या शेंगा बाजूला. शिरा काढायच्या नाहीत, टोकं मोडायची नाहीत. शेंग बंद राहिली तरच दाणा तिच्या स्वतःच्या रसात शिजतो. माती असेल तर धुवायच्या, पण धुतल्यावर अर्धा तास कापडावर पसरून पाणी निथळू द्यायचं. पाच किलो शेंगा दहा जणांच्या हातून तासाभरात निवडून होतात. बसताना जे रोज फोनवर बोलतात त्यांना शेजारी बसू देऊ नये. एक इंजिनिअरिंगवाला, एक सीए करणारी, एक बीएस्सी करून बीएडला गेलेला अशी सरमिसळ करावी. यजमानाने हे काम म्हणून वाटून द्यावं: "तू इकडे ये, तुम्ही दोघं अंडी पुसा." नाहीतर प्रत्येक जण आपापल्या कॉलेजच्या कोंडाळ्यात बसतो.

परदेशी गेलेल्यांशी व्हिडिओ कॉल करायचा तर याच वेळी, संध्याकाळी सहाला. तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे साडेसात असतात आणि जर्मनीत दुपारचा दीड. रविवार असल्याने दोघंही घरी सापडतात. आपल्याकडे अजून उजेड असतो, त्यामुळे शेंगांचा ढीग आणि माणसं नीट दिसतात. रात्री जाळापाशी लावलेल्या कॉलवर पलीकडच्याला नुसता काळोख आणि हसण्याचे आवाज पोहोचतात. कॉल घराच्या ओट्यावरून, जिथे रेंज आहे तिथून करावा, आणि फोन एकाच्या हातात न ठेवता डब्याला टेकवून चादरीच्या कडेला ठेवावा. मग तोही शेंगा निवडणाऱ्यांतलाच एक होतो.

साडेसहाला मडकं भरायला घ्यायचं. हे उलटं डोक्यात ठेवून भरायचं असतं, कारण आता जे बुडाला जाणार ते जाळावर सगळ्यांत वर येणार. वरून गोवऱ्या आणि पेंढा जळतो, म्हणजे बुडाला आच जास्त. तोंड जमिनीला टेकलेलं, तिथे आच कमी. म्हणून बुडाला चार बोटं जाड भांबुर्डा दाबून बसवायचा, त्यावर शेंगांचा थर, त्यावर वेळ लावणारे बटाटे आणि रताळी. मग शेंगा, मग चिकनच्या पुड्या मडक्याच्या भिंतीला धरून उभ्या, मधल्या पोकळीत पुन्हा शेंगा. अंडी सगळ्यांत शेवटी, तोंडाकडच्या बाजूला आणि मधोमध, चारी बाजूंनी शेंगांच्या गादीत. अंडं मडक्याला टेकलं की फुटतं आणि ते पसरून खालच्या शेंगांना चिकटतं. शाकाहारी मडक्यात पुड्यांच्या जागी वांगी, कांदे आणि कोनफळाचे तुकडे. वांग्यांना चार चिरा देऊन ओलं खोबरं, लसूण, तिखट, मीठ भरलं की ती चिकनवाल्यांच्या आधी संपतात.

प्रत्येक थरावर मीठ आणि ओवा. एका मडक्याला, म्हणजे अडीच किलो शेंगांना, आम्ही दीड मूठ जाडं मीठ आणि दोन मोठे चमचे ओवा धरतो. ओवा तळव्यावर चोळून टाकायचा. वाल पचायला जड, आणि रात्री माणूस दोनशे ग्रॅमवर थांबत नाही, त्यामुळे ओव्यात काटकसर नको. मीठ शेंगेच्या सालीला लागतं आणि खाताना जिभेवर येतं, आत फारसं जात नाही. म्हणून ते थोडं चढं पडलं तरी चालतं, कमी पडलं तर मात्र सगळं सपक लागतं.

भरताना मडकं अधूनमधून हलवून शेंगा बसवायच्या, पोकळी राहू द्यायची नाही. शेवटी तोंडात भांबुर्डा कोंबायचा, आणि कोंबायचा म्हणजे खरोखर कोंबायचा. एकाने मडकं धरायचं, दुसऱ्याने मुठीने दाबत राहायचं, पाला आत जाणं थांबेपर्यंत. पोपटी बिघडण्याच्या दहा कारणांतली सात इथली आहेत. पाला सैल राहिला की उपडं करताना शेंगा घसरतात, वाफ खालून निसटते, वरचं करपतं आणि खालचं कच्चं. मडकं उपडं केल्यावर आतून काही सरकल्याचा आवाज आला तर परत सरळ करून पाला वाढवावा. आळस करू नये.

जागा झाडाखाली नको. जानेवारीत आंब्याला मोहोर असतो, आच लागली की तो करपतो, आणि मालकाचं वर्षाचं उत्पन्न त्यावर असतं. भात कापलेल्या खाचरातही नको, वाळलेली धसकटं भरभर पेट घेतात. मोकळ्या मातीवर दोन हात लांबी-रुंदीची जागा झाडून, चार बोटं खोल उकरून घ्यावी. दोन्ही मडकी एकमेकांपासून वीतभर अंतरावर उपडी ठेवावीत, म्हणजे एकाच जाळात दोन्ही होतात. काठाभोवती मूठ-मूठ माती सारून खालची फट बंद करायची. मडक्यांभोवती आधी नारळाची सोडणं आणि बारीक काटक्या, त्यावर लाकडाच्या ढलप्या, बाहेरून गोवऱ्या टेकवून उभ्या, वर एक-दोन गोवऱ्या, आणि सगळ्यावर पेंढा. दोन मडक्यांना ३० गोवऱ्या, लाकडाचा एक भारा आणि पेंढ्याच्या तीन-चार पेंड्या पुरतात. पाण्याच्या दोन बादल्या बाजूला भरून ठेवल्याशिवाय काडी ओढायची नाही.

किनाऱ्यावर वाऱ्याचं गणित कळलं पाहिजे. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे सूर्य मावळला की पडतात आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात. सात-सव्वासातला पेटवलेला जाळ सुरुवातीला सरळ वर जातो, नंतर धूर समुद्राच्या दिशेला वळतो. बसायच्या चटया सुरुवातीलाच पूर्वेच्या अंगाला टाकल्या तर मध्येच उठून पळावं लागत नाही. वारा लागला की एका बाजूची लाकडं लवकर जळून जातात, तिथे सोडणं सारत राहायला दोघांना नेमावं. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात ओतू नये. पाल्याला त्याचा वास धरतो आणि सगळं खाणं वाया जातं, भाजण्याची भीती वेगळीच.

जाळ लागल्यापासून ३५ ते ४० मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत नुसता गवताचा धूर असतो. मग मडकं काळं पडतं, मग काळेपणा जळून जाऊन ते भगवट दिसायला लागतं. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास भांबुर्ड्याचा आणि ओव्याचा वास येतो आणि सगळे उठून "झालं, काढूया" म्हणतात. तेव्हा काढायचं नाही. बुडावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. टेकताक्षणी चर्र करून उडाले तर आच आतपर्यंत पोहोचली असं समजायचं, थेंब ओघळले तर अजून लाकूड हवं. चर्र झाल्यावरही दहा मिनिटं जाळ बाजूला सारून निखाऱ्यात राहू द्यावं. चिकनच्या मडक्याला तर पंधरा.

या चाळीस मिनिटांत सगळे जाळाकडे पाहत असतात, एकमेकांकडे नाही. जे दुपारी चादरीवर निघत नाही ते इथे निघतं: कुणी वर्ष सोडलं, कुणाचं लग्न ठरून मोडलं, कुणाला शाखाच बदलायची आहे. आमच्यात एक नियम पाळतो, निकालाचं आणि पगाराचं कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगतो, आणि सांगतोच. गाण्याचा स्पीकर या वेळी बंद ठेवावा. लाकडाच्या तडतडीवर माणसाचा हळू आवाज ऐकू जातो, स्पीकरवर जात नाही.

मडकं काढायला दोन माणसं, पायांत बूट, हातात भिजवून पिळलेली गोणपाटं. नायलॉनचे कपडे घातलेल्याने पुढे येऊ नये. काठीने निखारे दूर करून मडकं कुशीवर लवंडायचं, मग दोघांनी मिळून सरळ करायचं. तोंडातला पाला काठीने उपसताना चेहरा बाजूला ठेवायचा, कोंडलेली वाफ एकदम अंगावर येते. अंडी आधी चिमट्याने काढून घ्यायची. मग केळीच्या पानांवर मडकं हळूहळू ओतायचं. काळपट झालेला पाला, त्यातून निसटणाऱ्या सुरकुतल्या शेंगा, पानाच्या कडा जळून तपकिरी झालेल्या पुड्या. बटाट्याची साल नखाने ओढली की सोलून येते.

पहिली पुडी उघडून सर्वांत जाड तुकडा हाडापाशी फोडून बघावा. रस स्वच्छ हवा, हाडाजवळ गुलाबी काही नको. शंका आली तर पुड्या पुन्हा मडक्यात भरत बसू नये. थेट निखाऱ्यावर ठेवून दहा मिनिटं भाजाव्यात, मध्ये एकदा उलटवून.

शेंग खायची पद्धत ज्याला माहीत नाही त्याला दाखवावी लागते. देठ धरून शेंग तोंडात घालायची, दातांत हलकी दाबून ओढायची. दाणे आणि खारट-कडवट रस तोंडात राहतो, साल बाहेर येते. सुरीकाट्याने किंवा सोलून वाटीत दाणे जमवून खाल्लं की निम्मी चव जाते. सालीवरचं मीठ, ओवा आणि पाल्याचा अर्क ओठांना लागला पाहिजे. सोबत भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा एवढंच पुरे. भात लावला तर उरतो. दारू ज्यांना घ्यायची ते घेतात, पण जाळ विझेपर्यंत नाही, आणि रात्री समुद्रात कुणीही उतरायचं नाही. हे पेटवण्याआधीच ठरवून टाकतो.

रात्री झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर दोन्ही बादल्या ओतून, काठीने उकरून पुन्हा पाणी मारावं. वरून विझलेली गोवरी आत सकाळपर्यंत धुमसते. हाडं उघड्यावर टाकली तर रात्रभर कुत्री भांडतात, ती हातभर खोल पुरावीत. पानं आणि सालं मालकांना विचारून त्यांच्या खतखड्ड्यात टाकायची, राख नारळाच्या आळ्यात.

उरलेल्या शेंगा रात्रीच सोलून दाणे फ्रिजमध्ये ठेवावेत. सकाळी आठच्या आत ज्यांना बोट गाठायची असते त्यांच्यासाठी तेच दाणे कांदा-मिरचीवर परतून, वर ओलं खोबरं घालून, पावाबरोबर होतात. दहा मिनिटांचं काम आहे. ते ज्याला लवकर जायचं नाही त्याने करायचं, म्हणजे निघणाऱ्यांना धावपळ न होता शेवटचा अर्धा तास ओट्यावर बसता येतं. पुढची तारीख तिथेच ठरत नाही, ठरवूही नये, कुणाच्याच खिशात मेचं वेळापत्रक नसतं. मडकी मात्र फोडू नयेत. एकदा भाजून निघालेलं मडकं दुसऱ्या वर्षी सहसा तडकत नाही. आतून कोरड्या फडक्याने पुसून, दोन उन्हं देऊन, मावशींच्या पडवीत कोपऱ्यात उपडं घालून ठेवावं, आणि ग्रुपवर लिहावं की मडकी कुठे ठेवली आहेत.